एप्रिलमधला हिरवा ठिपका

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरच्या दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग उभी आहे. वाघूर नदी त्या रांगेतून, लेण्यांच्या घळीतून निघते आणि पहूरवरून तापीच्या दिशेने जाते. तापी ओलांडून यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यापलीकडे गेले की सातपुडा लागतो. दोन्ही डोंगरांवरचे जंगल एकाच घराण्यातले, शुष्क पानझडी. साग, सालई, धावडा, पळस, मोह, टेंभुर्णी, खैर आणि खानदेशाची खास ओळख असलेला अंजन ही इथली मुख्य झाडे. या जंगलावर एप्रिलच्या मध्यावर ड्रोन उडवून फोटो काढला तर पडद्यावर करडा आणि तपकिरी रंगच भरून राहतो. सागाच्या उघड्या फांद्या, त्यांखालचा पाचोळा आणि मधूनच दिसणारा काळा खडक. या करड्या पसाऱ्यात सागाच्या एखाद्या डेऱ्यात टोपलीएवढा हिरवागार ठिपका दिसतो. हिरवे म्हणजे निरोगी आणि तपकिरी म्हणजे रोगट एवढेच ज्या संगणकाला शिकवले आहे, तो सगळे जंगल आजारी ठरवील आणि तो एक ठिपका तेवढा धडधाकट म्हणून दाखवील. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. उघडा साग त्याच्या ऋतुचक्राप्रमाणे वागतो आहे आणि हिरवा ठिपका बहुधा बांडगुळाचा आहे. छायाचित्रांवरून झाडाची प्रकृती ओळखण्याचे तंत्र खानदेशात वापरायचे असेल तर पहिली अट या उदाहरणातच आली आहे. एका छायाचित्रातून इथल्या झाडाच्या तब्येतीचे उत्तर मिळत नाही. ते त्याच झाडाच्या, त्याच तिथीच्या आसपास काढलेल्या दोन छायाचित्रांमधल्या फरकातून काढावे लागते. त्यासाठी जंगलाचे पंचांग आधी मांडावे लागते, कॅमेरा आणि संगणक त्यानंतर.

हे तंत्र मुळात आपल्या जंगलांसाठी जन्मलेले नाही, म्हणून ते कुठून आले हे पाहिले पाहिजे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत आणि मध्य युरोपात स्प्रूस आणि फरची झाडे वरून विरळ होऊ लागली. आम्लवर्षेने जंगले मरत आहेत अशी हाकाटी झाली. लांब पल्ल्याच्या वायुप्रदूषणाविषयी 1979मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराखाली 1985मध्ये जंगलांच्या पाहणीचा एक संयुक्त कार्यक्रम सुरू झाला. त्यात निरीक्षक झाडाखाली उभा राहतो, दुर्बीण लावतो आणि डेऱ्यातली किती टक्के पाने कमी झाली याचा पाच-पाच टक्क्यांच्या टप्प्यांत अंदाज करतो. दहा टक्क्यांपर्यंत घट असेल तर झाड ठणठणीत, पंचवीसपर्यंत सावध राहण्याजोगे, साठपर्यंत मध्यम नुकसान आणि त्यापुढे गंभीर अशी ढोबळ वर्गवारी आहे. यातली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे ‘कमी झाली’ या शब्दांमागचा आधार. घट कशाच्या तुलनेत मोजायची? त्याच परिसरातल्या, त्याच जातीच्या, पूर्ण पर्णभार असलेल्या संदर्भवृक्षाच्या तुलनेत. तो संदर्भवृक्ष प्रत्यक्षात मिळाला नाही तर निरीक्षक तो मनात उभा करतो. इथेच घोळ सुरू झाला. दोन जाणत्या माणसांच्या अंदाजात पाच-दहा टक्क्यांचा फरक सहज पडे. काही ठिकाणी तर नकाशावर देशाची सीमा ओलांडली की झाडांची तब्येत एकदम बदललेली दिसे. झाडे तीच होती, मोजणारे आणि त्यांची मोजपट्टी बदललेली असे.

हा मानवी फरक काढून टाकण्यासाठी छायाचित्रांचे विश्लेषण पुढे आले. त्याचे मूळ सूत्र सोपे आहे. डिजिटल छायाचित्र म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्यापाशी लाल, हिरवा आणि निळा यांच्या तीन संख्या, शून्यापासून 255पर्यंतच्या. झाडाखालून वर पाहून फोटो काढला की पाने निळा प्रकाश शोषून घेतात आणि आकाश निळ्या रंगात उजळ दिसते, म्हणून फक्त निळी संख्या पाहिली तरी पान आणि आकाश वेगळे काढता येतात. सीमारेषा कुठे आखायची हे माणसाने ठरवू नये, यासाठी नोबुयुकी ओत्सू या जपानी संशोधकाने 1979मध्ये मांडलेली रीत आजही वापरतात. दोन गटांतले अंतर जास्तीत जास्त होईल असा आकडा संगणकच शोधतो. मग काळे ठिपके म्हणजे पाने-फांद्या, पांढरे म्हणजे आकाश, आणि दोघांचे प्रमाण म्हणजे डेऱ्याचा विरळपणा. आणखी एका जपानी वनशास्त्रज्ञाने, नोबुया मिझोउए यांनी, 2002च्या सुमारास याहून चतुर युक्ती केली. भरगच्च डेऱ्याची सावली भरीव असते आणि तिची कड साधी असते. पाने गळू लागली की सावलीला भोके पडतात आणि कड चिरफाळलेली होते. भरीवपणा आणि कडेचा गुंतागुंतीचा आकार ही दोन्ही फ्रॅक्टल मितीच्या, म्हणजे आकार किती जागा भरतो हे सांगणाऱ्या संख्येच्या, एकाच मापाने मोजली, तर निरोगी झाडात दोन आकड्यांमधले अंतर मोठे निघते आणि विरळ झाडात ते आक्रसते. झाडाचा आकार किंवा फोटोचे अंतर थोडे बदलले तरी हे माप फारसे ढळत नाही, हे त्याचे मोल. या पद्धतीची सगळी भिस्त एका गृहीतकावर आहे. पाने गळणे म्हणजे बिघाड.

वरून पाहण्याचे गणित वेगळे आहे. हिरवे पान लाल प्रकाश खाते आणि डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोन परावर्तनांमधला फरक त्यांच्याच बेरजेने भागला की जो निर्देशांक मिळतो, त्यावर गेल्या पन्नास वर्षांतले उपग्रहीय वनस्पतिशास्त्र उभे आहे. 1972मध्ये पहिला लँडसॅट गेला, 1988च्या मार्चमध्ये आपला आयआरएस-1ए गेला, आणि 2015पासून युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह, आणि 2017पासून दर पाच दिवसांनी, दहा मीटर चौरसाचे ठिपके फुकट देत आहेत. दहा मीटर हा आकडा ऐकायला बारीक वाटतो. पण खानदेशातल्या उथळ मातीवरच्या सागाचा डेरा चार-सहा मीटर रुंद असतो. एका ठिपक्यात दोन-तीन डेरे, त्यांमधली फट आणि फटीतून दिसणारे गवत हे सगळे कालवून एक आकडा येतो. श्रावणात तो आकडा झाडाइतकाच गवताचा असतो. एखादे झाड वाळले तरी त्याच्या जागी उजेड मिळून गवत वाढते आणि उपग्रहाला तो भाग उलट जास्त हिरवा दिसू शकतो. ज्या महिन्यांत सागावर पाने खाणाऱ्या अळ्यांचा सुळसुळाट असतो, त्याच महिन्यांत वर ढग असतात, ही आणखी एक अडचण. जुलै 2025मध्ये सोडलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह रडारने ढगांपलीकडे पाहतो, पण त्याच्या लांब लहरींना फांद्या आणि खोडे जास्त जाणवतात, पानाचा रंग नव्हे.

आता इथले पंचांग. पाऊस संपतो तेव्हा, सप्टेंबरअखेर, जंगल सगळ्यात भरलेले असते. सागाच्या माथ्यावर मात्र त्याआधीपासूनच, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, पांढरट फुलांचे झुपके आलेले असतात. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला हा पांढरटपणा पाने फिकट पडल्यासारखा दिसू शकतो. सालई आणि तिच्यासारख्या खडकाळ उतारावरच्या जाती लवकर पाने टाकतात. साग थंडीनंतर उघडा पडत जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये पार निष्पर्ण होतो. पळस पाने गेल्यावरच फुलतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचा सगळा डेरा केशरी होतो. मोहही फुलताना जवळपास उघडाच असतो. अंजन फार थोडे दिवस उघडा राहतो आणि भर उन्हाळ्यात, इतरांना पाणी मिळत नसताना, नवी पालवी धरतो. ही पालवी हिरवी नसते, तांबूस असते, मोहाचीही तशीच. कोवळ्या पानांत हरितद्रव्य भरण्याआधी लाल रंगद्रव्ये उन्हापासून राखण करतात. हिरव्याचा वाटा एवढेच मोजणारा निर्देशांक या पालवीला आजारी म्हणेल, आणि झाड त्या वेळी वर्षातल्या सगळ्यात जोमाच्या कामाला लागलेले असते. जळगाव जिल्ह्यात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो वर्षागणिक बराच मागेपुढे होतो. 2018सारख्या दुष्काळी साली पाने लवकर गळतात. म्हणजे गेल्या वर्षीच्या 15 नोव्हेंबरची यंदाच्या 15 नोव्हेंबरशी तुलना करणेही पुरेसे नाही. पाऊस कधी थांबला आणि त्यानंतर किती दिवस गेले, हे त्या फोटोसोबत नोंदलेले असले पाहिजे. युरोपात एका संदर्भवृक्षावर भागते. खानदेशात प्रत्येक जातीसाठी वर्षभराची एक रेघ लागते आणि झाड त्या रेघेपासून किती सरकले ते पाहावे लागते.

पाने गेली की झाडाचे नुकसान झाले, ही समजूतही सागाच्या बाबतीत तपासून घ्यावी लागते. सागाचे दोन प्रसिद्ध शत्रू आहेत. हायब्लिया प्युरा या पतंगाच्या अळ्या पावसाच्या तोंडाशी, नवी पालवी आली की, सगळे पान खाऊन शिरा तेवढ्या ठेवतात. युटेक्टोना मॅकेरॅलिसच्या अळ्या पावसाळ्याच्या शेवटी येतात आणि पानाचा हिरवा गर खरवडून त्याची जाळी करतात. दुसऱ्या किडीचे दृश्य भयंकर असते. डोंगरच्या डोंगर करपल्यासारखे तपकिरी दिसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वणवा लागून गेला असे वाटते. पहिल्या हल्ल्याचे दृश्य त्यामानाने अल्पायुषी, कारण काही आठवड्यांत झाड नवी पालवी काढते. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या तरुण सागवनात पाच वर्षे मोजणी करून 1980च्या दशकात जे दाखवले, ते डोळ्यांच्या पुराव्याला छेद देणारे आहे. हायब्लियामुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी 44 टक्के वाढ बुडाली. जाळी करणाऱ्या अळीमुळे वाढीवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही, कारण तिने खाल्लेली पाने तशीही गळण्याच्या बेतात होती. निलंबूरचा पाऊस आणि माती खानदेशासारखी नाही, त्यामुळे 44 हा आकडा इथे तसाच लावता येणार नाही. पण त्यामागचे कारण इथेही लागू पडते. पान किती दिसेनासे झाले यापेक्षा ते झाडाच्या कमाईच्या हंगामात गेले की हंगाम संपल्यावर गेले, हे महत्त्वाचे. ऑक्टोबरमधल्या एका नाट्यमय फोटोवरून जो धोक्याचा इशारा देईल तो बहुतेक वेळा चुकेल. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातली पंधरा दिवसांची विरळी ज्याने टिपली, त्याच्या हाती खरी बातमी असेल.

बांडगुळाकडे परत येऊ, कारण पानझडीचा काळ तंत्राची अडचण नसून सोय कशी होऊ शकते हे तिथे कळते. आपल्याकडचे नेहमीचे बांडगूळ, डेन्ड्रोफ्थी फाल्काटा, सदाहरित आहे. फुलटोच्या पक्षी त्याची फळे खातो आणि चिकट बी फांदीवर पुसतो. बी तिथेच रुजते, सालीत शोषकमूळ घुसवते आणि यजमानाचे पाणी व क्षार ओढते. स्वतःची पाने ते स्वतःच हिरवी ठेवते, पण पाणी दुसऱ्याचे वापरते, तेही एप्रिलमध्ये. त्यामुळे त्याच्यापुढचा फांदीचा भाग वाळत जातो. सप्टेंबरमध्ये हे झुडूप भरल्या डेऱ्यात शोधणे कठीण असते. हिरव्यात हिरवे, आणि पानांचा आकार जवळून पाहिल्याशिवाय वेगळा कळत नाही. एप्रिलमध्ये निष्पर्ण सागाच्या डेऱ्यात ते आपोआप उठून दिसते. साठ मीटर उंचीवरून साध्या ड्रोनच्या कॅमेऱ्याला दोन-अडीच सेंटीमीटरचा ठिपका मिळतो, आणि अर्ध्या मीटरचा हिरवा गोळा ओळखायला तेवढे भरपूर आहे. ओढ्याकाठचे जांभूळ, उंबर आणि करंजही त्या दिवसांत हिरवे असतात, पण तिथे अख्खा डेरा हिरवा असतो. उघड्या डेऱ्याच्या आत वसलेला हिरवा तुकडा तेवढा संशयित. म्हणजे इथे सूत्र उलटवायचे, हिरव्यालाच रोगाचे लक्षण मानायचे. हे कोणत्याही परदेशी कार्यक्रमात लिहिलेले मिळणार नाही. एप्रिलमध्ये साग कसा दिसायला हवा हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते सुचेल.

तरीही डेऱ्याची विरळी मोजली म्हणजे कारण कळले असे नाही. अंजनाचा पाला गुरांना आणि शेळ्यामेंढ्यांना आवडतो, उन्हाळ्यात चारा संपला की त्याच्या फांद्या छाटल्या जातात, आणि वर्षानुवर्षे छाटलेल्या अंजनाचा डेरा खोडाला चिकटलेल्या झुपक्यांसारखा होतो. मिझोउए यांचे माप त्याला भरगच्च म्हणेल की आजारी, हे सांगणे कठीण. कारण त्याची कड साधी आणि सावली भरीव असू शकते, आणि तरीही झाडाची अर्धी ताकद गेलेली असते. उलट खडकावरची सालई मुळातच विरळ असते आणि त्यात आजार काही नाही. युरोपला याचा धडा मोठा मिळाला. वीस वर्षे डेरे मोजून झाल्यावर 2003मध्ये जर्मनीच्या कृषिमंत्री रेनाटे क्यूनास्ट यांनी जंगलांच्या मरणाचे संकट संपल्याचे जाहीर केले. 2018पासूनच्या सलग दुष्काळांत आणि खोडकिड्यांच्या लाटेत तिथली स्प्रूसची जंगले खरोखरच मोठ्या प्रमाणावर वाळली. पहिल्या वेळी प्रदूषण, दुष्काळ आणि झाडाचे वय यांचे परिणाम एकमेकांत मिसळलेले होते आणि पानांची टक्केवारी त्यांना वेगळे करू शकत नव्हती. डेऱ्याचे चित्र कुठे जाऊन पाहायचे ते सांगते. पाहण्याचे काम झाडापाशी जाऊनच करावे लागते.

सूर्याचाही एक खानदेशी हिशेब आहे. अजिंठ्याच्या रांगेचा कडा पहूरकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून उभा आहे. सातपुड्याचे तापीकडचे उतार दक्षिणेकडे पाहतात. पहूरच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण 46 अंशांवरच चढतो, आणि सेंटिनेल सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो तेव्हा त्याहून खाली असतो. परिणाम असा की हिवाळ्यातल्या चित्रात अजिंठ्याचा तीव्र उतार सावलीत बुडालेला आणि सातपुडा उन्हात न्हालेला दिसतो. दोन्हीकडे सारखेच जंगल असले तरी आकडे वेगळे येतात. उताराचा चढ आणि दिशा घेऊन हा फरक गणिताने बराच दुरुस्त करता येतो. त्यासाठी लागणारे उंचीचे नकाशे अमेरिकेच्या 2000 सालच्या अवकाशयान मोहिमेतून आणि आपल्या कार्टोसॅटवरून मिळालेले आहेत. पण ही दुरुस्ती न करता ‘यावलचे जंगल अजिंठ्यापेक्षा निरोगी’ असा नकाशा कोणी रंगवला तर त्याने जंगल मोजले नाही, ऊन मोजले.

यावर पहिला आक्षेप जुन्याजाणत्यांचा येतो. बीटवरचा वनरक्षक किंवा डोंगरकडेचा पावरा-तडवी शेतकरी झाड पाहूनच सांगतो, त्याला यंत्र कशाला? आक्षेप खोटा नाही. पण कापसाची प्रत मुठीत धरून सांगणारा व्यापारी कितीही तरबेज असला तरी दहा वर्षांपूर्वीच्या गाठीशी आजची गाठ ताडून पाहायची तर धाग्याची मोजलेली लांबीच लागते. तसेच झाडाचे आहे. माणसाची नजर आज कोणते झाड आजारी आहे ते यंत्रापेक्षा बरे ओळखते. गेल्या पंधरा वर्षांत डोंगर सरासरीने किती विरळ झाला हे तिला सांगता येत नाही, कारण विरळी हळूहळू येते आणि नजर तिला सरावते. शिवाय वनरक्षकाची बदली होते आणि त्याची नजर त्याच्याबरोबर जाते. या कामात छायाचित्राची खरी किंमत त्याच्या आठवणीत आहे, त्याच्या तीक्ष्णपणात नाही. माझ्या मते सगळ्या चर्चेत हेच सगळ्यात कमी बोलले जाते. लोक यंत्राच्या डोळ्याचे कौतुक करतात आणि तारखेसह नीट जपलेल्या फाइलला क्षुल्लक समजतात.

दुसरा आक्षेप सरकारी अहवालांचा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 1987पासून देशाच्या जंगलांची स्थिती दर दोन वर्षांनी मांडते, मग वेगळे मोजमाप कशाला? कारण ती संस्था वेगळी गोष्ट मोजते. जमिनीचा किती भाग पर्णछत्राने झाकला आहे ते ती पाहते. सत्तर टक्क्यांवर असेल तर अतिघनदाट, चाळीस ते सत्तर मध्यम घनदाट, दहा ते चाळीस खुले आणि त्याखाली झुडपी. पाने असतानाची चित्रे हवीत म्हणून ती ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रे निवडते, म्हणजे पंचांगाचे महत्त्व तिलाही मान्य आहे. पण छत्राच्या घनतेत आजार दिसत नाही. पन्नास टक्क्यांचे आच्छादन बावन्न झाले तर त्यात बांडगुळाने लगडलेले डेरेही असतील, आणि पंचेचाळीस झाले तर तो लवकर थांबलेल्या पावसाचा परिणामही असू शकेल. घनता आणि प्रकृती या दोन वेगळ्या राशी आहेत. एकीच्या आकड्यावरून दुसरीविषयी बोलणे हा वृत्तपत्रांचा आवडता घोटाळा आहे.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा, आणि आजच्या घडीला जास्त जोराचा. यंत्रशिक्षणाचे मोठे नमुने आता चित्रातला एकेक डेरा आपोआप वेगळा काढतात, मग हे पंचांग वगैरे त्यांनाच शिकू द्या. ते शिकतीलही, पण ज्यावर शिकवले तेवढेच. डेरे ओळखणारा डीपफॉरेस्ट हा खुला कार्यक्रम मुख्यतः अमेरिकेतल्या जंगलांच्या चित्रांवर घडलेला आहे. पालवी फुटलेला अंजन किंवा केशरी पळस त्याने पाहिलेला नाही. सहाऐवजी साठ हजार चित्रे दिली तरी ती सगळी ऑक्टोबरची असतील तर एप्रिलविषयी यंत्र अडाणीच राहील. शिकवणीचा साठा इथलाच हवा, सर्व महिन्यांचा हवा, आणि प्रत्येक डेऱ्यावर जात कोणती, छाटणी झाली का, बांडगूळ आहे का, हे झाडाखाली जाऊन लिहिलेले हवे. हे काम यंत्राचे नाही. जळगावच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आणि वनविभागाचे कर्मचारी एकत्र आले तर ते दोन वर्षांत उभे राहू शकते. त्याशिवाय कुठलाही नमुना वापरणे म्हणजे परक्या पंचांगाने पेरणीचा मुहूर्त काढणे.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र तंत्राचा नाही. ज्या सातपुड्यात झाडांवर कुऱ्हाड चालते आणि यावल अभयारण्याच्या कडेला जमिनीचे वाद पेटतात, तिथे पाने मोजून काय साधणार? तोडलेल्या झाडाचा डेरा मोजायला कोणी जात नाही, हे खरे. पण तोड आणि क्षय एकमेकांपासून वेगळे काढायचे तर दोन्हींची नोंद लागते. कोपनहेगन विद्यापीठाच्या मार्टिन ब्रँट आणि सहकाऱ्यांनी 2024मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारताच्या शेतांवरची सुमारे 60 कोटी झाडे उपग्रहचित्रांत एकेक करून मोजली. 2010-11मध्ये टिपलेल्या मोठ्या झाडांपैकी अकरा टक्क्यांच्या आसपास 2018पर्यंत दिसेनाशी झाली होती, आणि 2018 ते 2022 या काळात आणखी पन्नास लाखांहून जास्त मोठी झाडे नाहीशी झाली. त्यातली किती तोडली आणि किती वाळली हे वरून कळत नाही, कारण नाहीसे होण्याआधीची अवस्था कोणी टिपलेली नव्हती. डेरे विरळ होत होत झाड गेले असेल तर कारण पाण्यात किंवा किडीत शोधायचे. भरल्या डेऱ्याचे झाड एका हिवाळ्यात गेले असेल तर चौकशी दुसरीकडे करायची. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात शेजारच्या मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीच्या साल जंगलात खोडकिड्याची साथ आली तेव्हा पानांची अवस्था, बाहेर पडलेला भुसा आणि डिंक यांवरून झाडांचे वर्ग पाडून कोणती तोडायची ते ठरवले गेले आणि लाखो झाडे तोडली गेली. अशा वेळी डेऱ्यांची तारखेसह छायाचित्रे हाती असतील तर वाळलेल्या झाडांच्या नावाखाली हिरवी झाडे जात नाहीत ना, हे कोणालाही तपासता येते. म्हणजे कुऱ्हाडीच्या प्रश्नातही या नोंदीचा उपयोग आहे. फक्त ती नोंद साथ येण्याआधीची हवी.

पहूरच्या बाजूने सुरुवात करायची तर खर्च फार नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी गावाच्या वाटेवरच दगडावर रंगाने खूण करून ठराविक जागा नेमायच्या. तिथे उभे राहून मोबाइलने, त्याच दिशेने, त्याच झाडांचा फोटो घ्यायचा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात हायब्लियासाठी, सप्टेंबरअखेर भरल्या डेऱ्यासाठी आणि एप्रिलच्या मध्यावर बांडगुळासाठी. खालून वर पाहायचा असेल तर ढगाळ आकाश बरे, सूर्य चित्रात आला की कडा पुसल्या जातात. ड्रोन नंतर आणता येतो. 2021च्या नियमांप्रमाणे दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला बिगरव्यावसायिक कामासाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, पण अभयारण्यात आणि राखीव जंगलात वनविभागाची परवानगी घ्यावीच लागते. अजिंठ्याची लेणी जवळ असल्यामुळे उडवण्याच्या क्षेत्राचा नकाशा आधी पाहणेही आवश्यक. सामूहिक वनहक्क मिळालेल्या सातपुड्यातल्या ग्रामसभांना स्वतःच्या व्यवस्थापन आराखड्यात हीच नोंद जोडता येईल. मात्र छायाचित्रे एकाच कार्यालयाच्या संगणकात बंद राहिली तर बदलीबरोबर तीही हरवतील, म्हणून एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक महाविद्यालयात असावी.

एक गोष्ट मात्र यातल्या कोणत्याच पद्धतीला पकडता येत नाही, आणि ती सालईच्या बाबतीत सगळ्यात जास्त जाणवते. सालईचे जुने झाड खडकावर शांतपणे उभे असते, त्याच्या डेऱ्यात दोष काढता येत नाही, वर्षानुवर्षे फोटो सारखाच येतो. मध्य भारतात अनेक ठिकाणी या झाडाखाली नवी रोपे टिकत नाहीत, चराई आणि वणव्यात ती जातात. वरच्या डेऱ्याची तब्येत उत्तम आणि खालची पिढी गायब, असे जंगल छायाचित्राच्या गणितात वीस वर्षे निरोगी दिसेल आणि मग एकदम म्हातारे होऊन संपेल. त्यामुळे त्याच खुणेच्या दगडाजवळ दहा बाय दहा मीटरचा एक चौकोन आखून त्यातली गुडघ्याखालची रोपे हाताने मोजावी लागतील. ती मोजणी ऑक्टोबरअखेर, गवत कापल्यावर करणे सोयीचे, कारण त्याआधी गवतात रोप सापडत नाही आणि त्यानंतर गुरे आत येतात.